मोलिएरच्या कंपनीतला नट अभ्यासायचाय? आधी गल्ल्याची वही उघडा

कॉलेजच्या गॅदरिंगला आम्ही 'कवडीचुंबक' बसवलं होतं. अत्र्यांनी ते मोलिएर या फ्रेंच नाटककार-नटाच्या नाटकावरून घेतलं, एवढीच माझी त्या माणसाशी ओळख. पुढे फ्रेंच शिकले, आणि सतराव्या शतकातल्या पॅरिसचा विनोदी नट जगायचा कसा, हा विषय हौसेने अभ्यासाला घेतला. पहिलं वर्ष किस्से गोळा करण्यात गेलं. मोलिएरची बायको, मोलिएरचा मत्सर, मोलिएरचा खोकला. माझी जाडजूड वही मार्गदर्शक बाईंनी चाळली आणि एकच विचारलं, "यातलं कोणी डोळ्यांनी पाहिलं होतं?"

यातले बरेच किस्से फिरून फिरून ग्रिमारेस्तने लिहिलेल्या मोलिएरच्या चरित्रात जाऊन पोचतात. ते आलं 1705 साली, म्हणजे मोलिएर जाऊन 32 वर्षांनी. नव्याने या विषयाकडे येणाऱ्याला म्हणून मी सांगते, चरित्र नंतर वाचा. आधी ला ग्राँजची वही.

शार्ल व्हार्ले ऊर्फ ला ग्राँज 1659 च्या ईस्टरला मोलिएरच्या कंपनीत आला. कामं करायचा तरुण प्रियकराची, आणि स्वभाव मात्र कारकुनाचा. तारीख, नाटकाचं नाव, जमलेला गल्ला आणि त्यातला स्वतःचा वाटा असं तो 1685 पर्यंत लिहीत राहिला. मध्येच कोणाचं लग्न, कोणाचा मृत्यू, राजाकडून आलेली बिदागी. भावना फार थोड्या. म्हणून तर भरवसा बसतो. एक मात्र ध्यानात ठेवा. ही कंपनीची रोजची हिशेबवही नव्हे, त्याने स्वतःसाठी काढलेला उतारा आहे. मोलिएरच्या काळातल्या रोजच्या वह्या तीनच उरल्यात. दोन ला तोरिलिएरच्या हातच्या, तिसरी 1672-73 ची, युबेरने ठेवलेली; दोघेही कंपनीतलेच नट. मेणबत्त्यांपासूनचा खर्च पाहायचा तर या तीन वह्यांकडे जायचं.

वही वाचताना मी जिथे जिथे अडखळले ते सांगते. नटाचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, ईस्टरनंतर होतं. ईस्टरच्या आधी-नंतर नाटकगृह काही आठवडे बंद. कोण कंपनी सोडणार, कोण नवा येणार, हे सगळं त्याच सुट्टीत ठरायचं. खेळ आठवड्यातून तीन दिवस : मंगळवार, शुक्रवार, रविवार. पॅरिसला आल्यावर सुरुवातीला तर हे दिवसही मोलिएरच्या वाट्याला नव्हते. प्ती-बुर्बाँचं नाटकगृह इटालियन नटांबरोबर वाटून घ्यावं लागलं, आणि चांगले वार इटालियनांकडे.

पैशाचं सांगायचं तर 20 सूंचा एक लिव्र. मी चक्क एक्सेल उघडून लिव्रचे रुपये करत बसले होते. आठवडाभराची मेहनत, आणि निष्पन्न शून्य. त्यापेक्षा तिकिटाशी ताडून बघा. खाली पिटात उभं राहून पाहायला 15 सू, आणि रंगमंचावरच खुर्ची टाकून बसायला साडेपाच लिव्र. हो, रंगमंचावर. सरदारपुत्र नटांच्या कोपराला कोपर लावून बसायचे. विनोदी नटाला टाळी मिळवायची पिटातून आणि वाट काढायची त्या खुर्च्यांतून. मोलिएरच्या 'तार्त्युफ' नाटकावरची बंदी उठल्यावर 5 फेब्रुवारी 1669 ला 2860 लिव्र जमले. आणि याच वहीत शंभरी न गाठलेले दिवसही आहेत. पगार नव्हता. खर्च वजा करून उरलेल्याचे वाटे पडायचे. गल्ला पडला की सगळेच उपाशी. 1661 च्या ईस्टरला मोलिएरने एकाऐवजी दोन वाटे मागितले, दुसरा स्वतःसाठी, किंवा लग्न झालंच तर बायकोसाठी. पुढच्या फेब्रुवारीत लग्न झालं! चरित्रकार पानंच्या पानं खर्ची घालतात ते इथे हिशेबाच्या एका ओळीत.

आता विनोद. ही वही फक्त आकडे देते असं समजून मी बरेच दिवस नाटकं वेगळी आणि वही वेगळी वाचत होते. दोन्ही शेजारी ठेवल्यावर नट दिसायला लागले. जोदलेचं घ्या. तोंडाला पीठ फासून नाकात बोलणारा हा जुना सोंगाड्या आधीच पॅरिसभर गाजलेला होता. 1659 च्या ईस्टरला तोही मोलिएरकडे आला, आणि नोव्हेंबरमध्ये मोलिएरच्या 'ले प्रेसिअज रिदिक्यूल' नाटकात उभा राहिला, पात्राचं नावसुद्धा जोदलेच. त्याच्या पांढऱ्या तोंडाकडे बघून दुसरं पात्र म्हणतं की हा नुकताच आजारातून उठलाय, म्हणून फिकट दिसतो. लोक हसले असणारच. पुढच्या वर्षी गुड फ्रायडेला जोदले वारला. वहीत त्याची नोंद आहे.

लुई बेजार लंगडत असे. म्हणून कंजूष म्हाताऱ्याच्या नाटकात त्याच्या नोकर-पात्राला "लंगडा कुत्रा" अशी शिवी आहे. नटाचं व्यंग मोलिएर झाकत नाही, संवादात घालतो. हाच बेजार 1670 मध्ये निवृत्त झाला तेव्हा कंपनीने त्याला वर्षाला 1000 लिव्र निवृत्तिवेतन लावून दिलं. युबेर, तो हिशेबवाला, खाष्ट बायकांची कामं करायचा. 'बूर्ज्वा जाँतियोम' नाटकातली मादाम जूर्दँ त्याचीच. आपल्याकडे स्त्रीपार्ट म्हटलं की बालगंधर्वांची नजाकत आठवते. इथलं स्त्रीपार्ट हसवण्यासाठीच.

ज्या दोन चुकांनी माझं हसं झालं त्याही सांगून टाकते. नट्यांच्या नावामागे 'मादम्वाझेल' बघून मी सगळ्यांना कुमारिका ठरवलं. तेव्हा तसं नव्हतं, लग्न झालेल्या नटीलाही तेच म्हणत. दुसरी चूक, मोलिएर रंगमंचावर मेला असं मी बिनदिक्कत लिहिलं. त्याला प्रयोगात झटका आला, प्रयोग त्याने पुरा केला, आणि मरण आलं रिशलिय रस्त्यावरच्या राहत्या घरी, रात्री दहाच्या सुमाराला.

चर्चचं प्रकरण वाचताना जरा सावकाश. 1641 मध्ये तेराव्या लुईने नटाचा धंदा हीन मानू नये असं जाहीर केलं होतं. राजा टाळ्या वाजवी, दक्षिणा देई. पण मरताना पाद्री हवा तर नटाने आधी धंदा सोडल्याचं लिहून द्यायचं. कंपनीतली जुनी नटी मादलेन बेजार हिने ते दिलं आणि 17 फेब्रुवारी 1672 ला ती गेली. बरोबर एक वर्षाने, त्याच तारखेला, मोलिएर. त्याच्यापाशी पाद्री वेळेवर पोचला नाही. बायकोने राजापर्यंत धाव घेतली तेव्हा कुठे 21 तारखेच्या रात्री, गाजावाजा न करता दफन झालं.

भाषेची फार धास्ती घेऊ नका. 'एते'च्या जागी 'एस्तोआ'सारखी जुनी स्पेलिंगं येतात, आणि जुन्या छपाईतला एस एफसारखा दिसतो. पंधरा दिवसांत डोळा बसतो. ला ग्राँजची वही 1876 मध्ये छापली गेली, ती गॅलिकावर, म्हणजे फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ऑनलाइन संग्रहात, चकटफू मिळते. 1680 मध्ये कोमेदी-फ्राँसेज ही नाटकमंडळी स्थापन झाली, तेव्हापासूनच्या वह्यांचे आकडे तर ऑनलाइन शोधताही येतात. पण सुरुवात तिथून करू नका, आकड्यांच्या महापुरात वाहून जाल. एकच मोसम घ्या आणि पुरा वाचा. मी 1672-73 घेतला होता.

त्यात 17 फेब्रुवारीचा शुक्रवार आहे : नवं नाटक, चौथा प्रयोग, गल्ला 1219 लिव्र, आणि खाली मृत्यूची नोंद. रविवार कोरा. मंगळवार कोरा, त्या रात्री दफन. पुढच्या शुक्रवारी, 24 तारखेला, मोलिएरच्याच 'मिझाँत्रोप'चा प्रयोग आणि समोर पुन्हा गल्ला.