पीसीव्ही व्हॉल्व्हला हात घालण्याआधी

पीसीव्ही व्हॉल्व्ह म्हणजे क्रँककेसमध्ये, इंजिनच्या खालच्या पोटात, साठणारी वाफ परत इंजिनात जळायला पाठवणारी छोटी झडप. तो बदलायला बॉनेट उघडण्याआधी एक वस्तू हाताशी हवी: नवा ग्रोमेट. इंजिनच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरमध्ये हा व्हॉल्व्ह ज्या रबरी कड्यात बसतो, ते कडं. व्हॉल्व्ह उद्या आणला तरी चालेल, ग्रोमेट आजच हवा. जुन्या इंजिनात हे रबर वर्षानुवर्षं भाजून बिस्किटासारखं झालेलं असतं. व्हॉल्व्ह ओढला की तो सुखरूप निघतो, ग्रोमेटचे मात्र तुकडे होतात आणि त्यातला एखादा नेमका भोकातून आत जातो. मग तो काढायला कव्हर उतरवा, कव्हर उतरवलं की गॅस्केट नवं आणा, आणि तोवर गाडी जागेवर उभी. मागच्या खेपेला माझ्या यादीत हे सोडून सगळं होतं.

पक्कड, पेचकस, टॉर्च, चिंध्या हे सांगायला नको. नोज प्लायर मात्र घ्याच, ग्रोमेटचे तुकडे वरच्या वर पकडायला. कार्बोरेटर क्लीनरचा डबा घ्या. होज काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. जुन्या गाडीत व्हॅक्यूमच्या नळ्या इतक्या असतात की कुठली कुठे होती हे नंतर आठवत नाही.

होज पाइपही नवाच घ्या, पण मिळेल तो नको. तेलाची आणि पेट्रोलची वाफ सोसणारा आणि व्हॅक्यूमने न चेपणारा हवा. पाण्याची साधी नळी तेलाने फुगते, मऊ पडते आणि गरम झाली की वळणावर आतून चिकटते. बाहेरून सगळं ठीक दिसतं आणि वाट बंद असते. असला दोष शोधताना माणूस वेडा होतो.

व्हॉल्व्ह पार्ट नंबर पाहूनच घ्या. बाहेरून दोन व्हॉल्व्ह जुळ्या भावांसारखे दिसले तरी आतली स्प्रिंग वेगळी असते आणि सगळा खेळ तिचाच आहे. आयडलिंगला मॅनिफोल्डची, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांची, ओढ जबर असते, म्हणून आतली दांडी ओढली जाऊन वाट अरुंद होते. गाडी एका वेगात चालू लागली की ओढ कमी होते, स्प्रिंग दांडीला मागे सारते आणि जास्त वाफ जाऊ देते. बॅकफायर झाला, म्हणजे ज्वाला उलटी मॅनिफोल्डमध्ये आली, तर दांडी उलटी बसते आणि ज्वाला क्रँककेसमध्ये शिरत नाही. स्प्रिंग चुकीची असेल तर इंजिन आयडलिंगला थरथरतं, नाहीतर तेल पिऊ लागतं. व्हॉल्व्ह हलवल्यावर खुळखुळला म्हणजे चांगला, असं सर्रास सांगतात. नाही खुळखुळला तर तो बहुधा अडकलाय, एवढंच त्यातून कळतं. आणि गाडी 1960च्या दशकाआधीची असेल तर व्हॉल्व्ह शोधत बसू नका. त्या काळच्या बहुतेक इंजिनांत वाफ एका नळीतून सरळ रस्त्यावर सोडलेली असते.

काही खोलण्याआधी लक्षणं बघा. एअर फिल्टरच्या डब्यात तेल, गॅस्केटमधून नाहीतर क्रँकच्या ऑइल सीलमधून नवी गळती, वर उचलली गेलेली डिपस्टिक: ही वाट तुंबल्याची चिन्हं. पिस्टन रिंगांमधून निसटलेली वाफ कुठूनतरी बाहेर पडणारच. ऑइलच्या झाकणाखाली पांढरट फेस दिसला तर लगेच हेड गॅस्केट गेलं म्हणू नका. आधी कूलंटची पातळी बघा. थंडीत छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत साठलेल्या वाफेनेही असा फेस येतो.

आता कागदाची चाचणी. इंजिन गरम करा, आयडलिंगवर ठेवा. मोकळ्या हवेत, बंद गॅरेजमध्ये नाही. बाही गुंडाळा, पंख्याच्या पट्ट्यापासून लांब राहा. सिगारेट अजिबात नको, ती वाफ पेट घेते. एअर फिल्टरकडून क्रँककेसला ताजी हवा देणारी ब्रीदरची नळी बंद करा, ऑइलचं झाकण काढा आणि तोंडावर पातळ कागद ठेवा. मिनिटभरात तो ओढला जाऊन चिकटला पाहिजे. तिथून तेल उडत असेल तर कागदाऐवजी रबरी हातमोजा तोंडावर ताणून बसवा. आत ओढला गेला तर ठीक, फुगून उभा राहिला तर दोष आहे.

पण ही चाचणी फसवते, आणि फसवतो तो पुन्हा ग्रोमेटच. त्याला चीर असेल तर बाहेरची हवा तिथून आत येते, क्रँककेसमध्ये ओढ तयारच होत नाही आणि कागद ढिम्म हलत नाही. व्हॉल्व्ह चांगला, होज चांगला, तरी माणूस रिंगा गेल्या असं धरून इंजिन उतरवायच्या गोष्टी करू लागतो. हवा मोजणारा सेन्सर असलेल्या इंजिनात तर ही न मोजलेली हवा मिश्रण पातळ करते, म्हणून आयडलिंगही बिघडतं. जुना ग्रोमेट दिसायला बरा आहे म्हणून ठेवू नका. नवा बसवा. दहा वेळा सांगतो, नवा बसवा.

मग इंजिन थंड होऊ द्या आणि व्हॉल्व्ह फिरवत फिरवत, सावकाश काढा. भोकाच्या आत टॉर्च मारा. तिथल्या बॅफलवर, म्हणजे तेल अडवणाऱ्या पत्र्यावर, काळा गाळ बसलेला असतो आणि तो तसाच राहिला तर नवा व्हॉल्व्हही तुंबतो. मॅनिफोल्डच्या बाजूचं तोंडही साफ करा, बरेच जण ते विसरतात. क्लीनर फवारायचा तो सुट्या केलेल्या भागांवर, गरम इंजिनावर नाही. रबराचा पडदा असलेल्या व्हॉल्व्हला क्लीनर लावूच नका, पडदा जातो.

बसवताना ग्रोमेटला इंजिन ऑइलचं बोट फिरवा, हाताने दाबा, हातोडी नको. क्लिपा आवळा. एअर फिल्टरच्या डब्यातली छोटी ब्रीदरची जाळी धुवा. ऑइल काळं असेल तर बदला. गाडी चालू करा, कागद पुन्हा ठेवा. अजूनही बाहेर उडतोय? मग कॉम्प्रेशन आणि लीकडाउन चाचणी (सिलिंडर दाब किती धरतो आणि किती गळतो ते बघणारी) करून घ्या, आणखी व्हॉल्व्ह विकत घेऊ नका.