गल्लीचा उतार: स्केटबोर्ड, पाणसळ आणि मेणखडू घेऊन बेळगावचा नकाशा

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटरवर आहे. डांबर-काँक्रीटने इथली जमीन झाकली, तिचा उतार मात्र तसाच आहे. पावसाचे पाणी तो ओळखते, स्केटबोर्डची चाकेही ओळखतात. दोघांच्या वाटा एका कागदावर काढल्या की गल्लीतले ओढे आणि टेकाडे दिसू लागतात.

सुरुवात पावसाळ्यात करा, पण बोर्ड घरी ठेवून. ओल्याने बेअरिंग गंजते आणि फळीचे थर सुटतात. जोराची सर येऊन गेली की गल्लीत चालत फिरा. पाणी कुठे वळते, कुठे तुंबते याचे फोटो घ्या. फोटोत फाटक किंवा विजेचा खांब येऊ द्या, नाहीतर ऑक्टोबरात कोरड्या रस्त्यावर बोर्ड घेऊन आल्यावर जागा ओळखता येत नाही.

आता बोर्ड. ५२ मिमी व्यासाची ९९ए (हा कडकपणाचा आकडा, जास्त म्हणजे कडक) चाके आपल्या खडबडीत डांबरावर कामाची नाहीत. बारीक खडीवरही अडतात आणि माणूस तोंडावर आपटतो. ५८ ते ६० मिमीची, ७८ए मऊ चाके घ्या. वळताना ती फळीला घासून जाम होऊ शकतात, म्हणून फळी आणि ट्रक (चाके बसवलेला धातूचा आस) यांच्यामध्ये ३ ते ६ मिमी जाडीची रायझर पॅड नावाची पट्टी घाला. त्या मानाने बोल्टही लांब लागतात. चाकाचा नट १३ नंबरच्या पान्याने आवळून पाव फेरा सैल सोडा. बेअरिंगमध्ये (६०८ नंबर) शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब पुरतात. खोबरेल घालू नका, डिसेंबरच्या थंडीत ते गोठते.

टिळकवाडी, शहापूर, वडगाव, कुठलीही गल्ली चालेल. लांबी ५० मीटर, शेवटी सपाट जागा आणि रविवारी पहाटे रिकामी असली म्हणजे झाले. राहणाऱ्यांना आधी विचारा. कपिलेश्वर उड्डाणपुलाचा उतार मोह घालतो, पण तिथली वाहतूक बघता तो विचारच नको. कॅम्प भागात लष्करी हद्द आहे, तिथे मापे आणि फोटो टाळा.

उतार मोजायला गवंड्याची पाणसळ आणि १ मीटरची सरळ पट्टी लागते. पट्टी उताराच्या दिशेने ठेवा, वर पाणसळ. बुडबुडा मधोमध येईपर्यंत पट्टीचे खालचे टोक उचला. टोकाखाली जितके सेंटिमीटर अंतर, तितके टक्के उतार. दर ५ मीटरवर असे माप घ्या. नवख्याने ३ टक्क्यांच्या पुढे जाऊ नये. ४ टक्क्यांवर ५० मीटरमध्ये २ मीटर उतरण होते, आणि घर्षण नसेल तर तेवढ्यात वेग ताशी २२ किलोमीटरवर जातो. हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड घालूनच उतरा. पाय न मारता बोर्ड स्वतः कुठे वळतो, कुठे मंदावतो, तिथे खडूने खूण करा. रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असल्यामुळे बोर्ड गटारीकडे ओढतो. ती ओढही नोंदवा, कारण पाणीही तिकडेच जाते.

मग कागद रस्त्यावर ठेवून, वरून खडू घासून पृष्ठभागाचे ठसे. ३० सेंटिमीटर चौरस बटर पेपर, कागद सोललेला मेणखडू, कोपऱ्यांवर चार दगड. आधी कुंच्याने धूळ झाडा, नाहीतर कण कागद फाडतात. खडू आडवा धरून एकाच दिशेने हलका फिरवा. दवाने रस्ता ओला असेल तर थांबा, आणि भर उन्हातही नको, मेण मऊ होऊन ठसा पसरतो. किल्ल्यातील १२०४ सालच्या कमल बस्तीसारख्या जुन्या दगडी कामावर ना खडू, ना चाक.

नकाशाला ग्राफ पेपरवर १ सेंटिमीटरला ५ मीटर प्रमाण ठेवा. पाण्याची वाट निळी, बोर्डाची काळी. दोन्ही बहुतेक जागी एकत्र धावतील. जिथे फुटतात तिथे गतिरोधक, तुंबलेली गटार किंवा डांबराचे ठिगळ सापडेल. सगळ्यात बघण्यासारखी जागा उतार संपतो तिथली: पाण्याचा वेग पडतो आणि लाल माती पातळ, पसरट थराने साचते. नदी डोंगरातून सपाटीवर येताना गाळाचा पंखा टाकते, तोच प्रकार हातभर जागेत. पंखा सुरू होतो तिथे जाड कण, पुढे बारीक होत जाणारे. बोटाने चाचपून तीन-चार चिमट्या कागदावर डिंकाने क्रमाने चिकटवा. या थरावर चाक घसरते, त्यामुळे माती उचलून जागा झाडल्याशिवाय बोर्डावर चढू नका.

पुढच्या पावसाळ्यानंतर तीच मापे पुन्हा घ्या. मधल्या काळात रस्त्यावर डांबराचा नवा थर चढला असेल तर गाळाची जागा सरकलेली असेल. जुन्या नकाशावर ती लाल रंगात, तारखेसह दाखवा.