टोळी निघण्याआधी गरोदरपणाची नोंद कशी करून घ्यावी

मी बीड जिल्ह्यात आशाताई म्हणून काम करते. दिवाळीच्या मागेपुढे कोयते, म्हणजे ऊसतोडीला जाणारी नवरा-बायकोची जोडपी, टोळीनं साखर कारखान्याला निघतात आणि नेमक्या तेव्हाच नव्या गरोदर बायांच्या नोंदी राहून जातात. हा बायांचा आळस नाही. ‘तीन महिने कुणाला सांगू नये, नजर लागते,’ असं घरात सांगितलेलं असतं. तीन महिने सरतात तेव्हा ती उसाच्या फडात असते. तिथं दवाखाना गाठायचा तर कामाचा खाडा पडतो, आधी घेतलेली उचल फिटायची राहते. असं करत सातवा महिना लागतो.

गावाला सांगू नका, पण आशाला आणि उपकेंद्रातल्या सिस्टरला सांगा. नाव रजिस्टरला लागलं म्हणजे चावडीवर बोभाटा होत नाही. सासूबाई अडवत असतील तर मला घरी बोलवा, मी त्यांच्याशी बोलते. बऱ्याच जणी ऐकतात.

पाळी चुकून आठवडा झाला की आशाकडून दिवस राहिलेत का ते बघायचं निश्चय किट घ्या, फुकट असतं. सकाळच्या पहिल्या लघवीवर करा. अंगावर पाजत असाल आणि पाळी परत आलीच नसेल, तरी दिवस राहू शकतात. मळमळ, थकवा वाटला तर किट करून बघा.

शेवटच्या पाळीची तारीख लिहून ठेवा. 10 ऑगस्ट असेल तर नऊ महिने सात दिवस धरून बाळंतपण साधारण 17 मेला येतं, आणि बारा आठवडे 2 नोव्हेंबरला भरतात. म्हणजे गाडी भरायच्या दिवसांतच! त्याआधी उपकेंद्रात जाऊन या.

तिथं वजन, बीपी, हिमोग्लोबिन, लघवी, रक्तगट, साखर, एचआयव्ही आणि गरमी (सिफिलिस) या तपासण्या होतात. लवकरच्या बीपीला मी फार मानते. सातव्या महिन्यात बीपी वाढलेलं सापडलं आणि आधीचा आकडाच नसला, तर ते जुनं की गरोदरपणातलं हे डॉक्टरांनाही पटकन कळत नाही. फॉलिक ॲसिडचंही तसंच. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची घडण पहिल्या काही आठवड्यांतच होते. पाचव्या महिन्यात आलात तर गोळ्या मिळतील, पण ती वेळ निघून गेलेली असते. चौथ्या महिन्यापासून लोहाच्या गोळ्या किमान 180 दिवस घ्यायच्या, त्या निघताना जास्तीच्या मागून घ्या.

आधारवर माहेरचं नाव आहे म्हणून थांबू नका. तपासणी त्यावाचून अडत नाही. मातृवंदना योजनेच्या पैशांना, पहिल्या खेपेला 5,000 रुपये, आधार आणि बँक खातं लागतं. ते मागाहून जुळवता येतं. तिसरं-चौथं बाळंतपण असलं तरी तपासणी होते, त्याची लाज धरू नका.

माता-बाल संरक्षण कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीत नाही, अंगाजवळच्या पिशवीत ठेवा. कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, पाणी शिरतं. कार्डावरचा आरसीएच नंबर, म्हणजे तुमच्या नोंदीचा नंबर, नवऱ्याच्या मोबाइलमध्येही घालून ठेवा, म्हणजे कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात पुढची नोंद करता येते. तिथं पोचल्यावर त्या गावची आशा कोण, ते पहिल्याच आठवड्यात विचारा. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची डॉक्टरकडून मोफत तपासणी असते. त्या दिवशी फडावर जायचं नाही, हे टोळीच्या मुकादमाला नवऱ्यानं आधीच सांगून ठेवावं.

आणि उशीर झालाच असेल, सहावा-सातवा चालू असेल, तरी आज या. अंगावरून रक्त गेलं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढं अंधारी आली, तोंडावर सूज आली किंवा बाळ हलायचं कमी झालं, तर 9 तारखेची वाट न बघता 102 किंवा 108 ला फोन करा.