स्टील फायबरचं फ्लोअर तडकतंय? या चुका टाळा

स्टील फायबर, म्हणजे काँक्रीटमध्ये मिसळायचे स्टीलच्या तारेचे छोटे तुकडे, काँक्रीटचं आकुंचन थांबवत नाही. आतलं पाणी उडालं की काँक्रीट आकसणारच. फायबरचं खरं काम तडा गेल्यावर सुरू होतं: दोन्ही बाजू धरून ठेवायच्या, तडा रुंदावू द्यायचा नाही. चाकण-भिवंडीकडच्या गोडाऊनच्या फ्लोअरला हे फायबर सर्रास वापरतात, पण एवढी गोष्ट पक्की नसली की बाकीच्या चुका ओघानेच होतात.

साइटवर पाणी मारणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. फायबर पडलं की स्लंप (ताजा माल किती बसतो याचं माप) उतरतो, माल घट्ट दिसतो आणि कोणीतरी मिक्सर गाडीच्या ड्रममध्ये पाण्याचा पाइप सोडतो. हिशोब करून बघा. घनमीटरला ३५० किलो सिमेंट आणि १६० लिटर पाणी असेल, तर वॉटर-सिमेंट रेशो साधारण ०.४६. त्यात १५ लिटर वाढले की तो ०.५० होतो. ६ घनमीटरच्या गाडीत हे होतात फक्त ९० लिटर, म्हणजे पाइप थोडा वेळ विसरला तरी पुरे. स्ट्रेंथ घटते आणि आकुंचन वाढतं, दोन्ही एकदमच. फायबरमुळे स्लंप उतरणार हे धरूनच काँक्रीटच्या प्लांटला ऑर्डर द्या. तरीही माल घट्ट वाटला तर सुपरप्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन) वाढवा, तेही प्लांटच्या क्वालिटीवाल्याला विचारूनच.

अख्खी बॅग ओतणं

रिकाम्या ड्रममध्ये आधी फायबर टाकलं किंवा बॅगच्या बॅग उलटी केली की गोळे होतात. गोळ्याच्या जागी काँक्रीट पोकळ राहतं आणि बाकी फ्लोअर फायबरविना. ओल्या मालात, ड्रम पूर्ण वेगात फिरत असताना, हळूहळू सोडा. सगळं पडल्यावर आणखी ५ मिनिटं फिरवा.

फायबर खरंच सगळीकडे गेलं का, हे बघायला लॅब लागत नाही. गाडीच्या सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा असे १०-१० लिटर ताजे नमुने घ्या. चाळणीवर धुवा, लोहचुंबकाने फायबर वेचा, वाळवून वजन करा. डोस घनमीटरला ३० किलो असेल तर प्रत्येक नमुन्यात ३०० ग्रॅमच्या आसपास निघायला हवं. एकात १५० आणि दुसऱ्यात ४५० आलं, तर मिक्सिंग चुकलंय. ही चाचणी फार थोडे लोक करतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

क्यूबच्या आकड्यावर समाधान मानणं

नेहमीच्या डोसला क्यूबची, म्हणजे दाबून तपासायच्या काँक्रीटच्या ठोकळ्याची, स्ट्रेंथ फारशी हलत नाही. फायबरचा गुण तडा गेल्यानंतरच्या ताकदीत आहे आणि ती बीम वाकवूनच कळते. ईएन १४६५१ या युरोपियन मानकाप्रमाणे खाच असलेल्या बीमची चाचणी मागा. डिझाइनमध्ये जी रेसिड्युअल स्ट्रेंथ (तडा गेल्यावर उरणारी ताकद) धरली आहे, तिच्याशीच निकाल ताडून बघा.

जॉइंट उशिरा कापणं

आयएस ४५६:२००० या काँक्रीटच्या भारतीय मानकात चाचणी नसताना धरायचं एकूण आकुंचन ०.०००३ दिलंय. म्हणजे ६ मीटरच्या पॅनेलला १.८ मिलिमीटर. त्याला जॉइंटची, म्हणजे मुद्दाम कापलेल्या खाचेची, वाट दिली नाही तर ते स्वतःची वाट काढतं. कडा न तुटता कटर चालतोय असं दिसलं की कापायला घ्या, उद्या सकाळवर टाकू नका. फायबर कापाखालीही दोन्ही बाजू धरून ठेवतं, म्हणून खोली जाडीच्या एक तृतीयांश ठेवा: १५० मिलिमीटरच्या स्लॅबला ५०. कॉलमभोवती आयसोलेशन जॉइंट (स्लॅब कॉलमपासून सुटा ठेवणारी फट) हवाच, नाहीतर कोपऱ्यातून तिरका तडा निघतो. खालचा थर खड्डे-उंचवट्यांचा असेल तर स्लॅब सरकायला अडतो, तेव्हा तो आधी नीट लेव्हल करून घ्या.

तडा गेलाच तर

तो कधी दिसला ते आधी विचारा. त्याच दिवशी, फिनिशिंगच्या वेळी आला असेल तर ऊन-वाऱ्याने वरचं पाणी उडालंय. पुढच्या ओतकामाला आडोसा करा, क्युरिंग लगेच सुरू करा आणि पोझोलाना किंवा स्लॅग सिमेंट असेल तर किमान १० दिवस चालवा. कापाला समांतर, अगदी जवळून गेला असेल तर कटर उशिरा लागलाय. काही आठवड्यांनी आला असेल तर सुकण्याचं आकुंचन. घाईने भरू नका, कारण तो अजून उघडतोय. बारीक खुणा करून रुंदी मोजत राहा आणि फरक पडायचा थांबला की मगच सीलंट किंवा इपॉक्सी भरा.