छोटी टेक कॉन्फरन्स करताय? आम्ही केलेल्या या चुका टाळा

पहिली चूक आमचीच. मोठमोठ्या कॉन्फरन्सच्या गर्दीला कंटाळून आम्ही दीडशे जणांचीच करायची ठरवली आणि केलं काय, तर मोठीचीच झेरॉक्स काढली, फक्त कागद छोटा. तीन ट्रॅक (म्हणजे एकाच वेळी तीन खोल्यांत वेगवेगळे टॉक), कीनोट म्हणजे मुख्य भाषण, पॅनल डिस्कशन, दीपप्रज्वलन, सगळं आलं. आता दीडशे लोक तीन खोल्यांत वाटले की एकीत पन्नास, त्यातले पंधरा चहापाशी, आणि बिचारा स्पीकर रिकाम्या खुर्च्यांना कुबरनेटीस (सर्व्हरवरचे प्रोग्राम सांभाळणारं सॉफ्टवेअर) समजावतोय. एकच ट्रॅक ठेवा, दिवसाला सहा-सात टॉक, बास. सगळ्यांनी तेच ऐकलेलं असलं की चहाला अनोळखी माणसाशीही भांडता येतं, आणि खरं सांगायचं तर लोक त्यासाठीच तर येतात!

टॉक निवडताना नाव आणि कंपनी झाकून वाचा. आम्ही झाकलं नव्हतं, मग मोठा लोगो दिसला की सगळे माना डोलवायचे. आणि ड्राय रन घ्याच, दोन आठवडे आधी, व्हिडिओ कॉलवर, पूर्ण टॉक. "मला नाही लागत रे, खूप वेळा दिलाय हा टॉक" असं जो म्हणतो त्याचा तर आधी घ्या, तोच नंतर वीस मिनिटं स्वतःची ओळख करून देत बसतो. स्पॉन्सरला बाहेर टेबल द्या, बॅनर द्या, जेवणावर नाव टाका, पण पैशाच्या बदल्यात स्टेज नाही. एकदा दिलंत की पुढच्या वर्षी सगळेच मागतात.

तारीख. रविवार सोयीचा वाटतो, पण मुंबईत रविवार म्हणजे मेगाब्लॉक, साधारण अकरा ते चार, आणि कुठल्या लाइनवर ते कळतं एक-दोन दिवस आधी. आमचा एक स्पीकर पनवेलचा, हार्बरवर कुर्ला ते वाशी बंद, मग तो ट्रान्सहार्बरने ठाणे, तिथून स्लो पकडून दादर, आणि हॉलवर आला तेव्हा त्याचा स्लॉट संपून लोक पापड खात होते. शनिवार बघा. जून ते सप्टेंबर शक्यतो नकोच, पाऊस आणि वर गणपती. आणि हॉल स्टेशनपासून चालत दहा मिनिटांत हवा, पार्किंग नसलं तरी चालेल, येणार सगळे लोकलनेच.

आता वायफाय, कारण शिव्या इथेच पडतात. आमच्याकडे सकाळी सगळं मस्त चालू होतं, अकराच्या सुमारास नवीन येणाऱ्यांचे फोन नुसते गोल गोल फिरायला लागले, "आयपी मिळवत आहे". आधी आलेल्यांचं मात्र व्यवस्थित. हॉलवाला म्हणाला लाइन डाऊन आहे, आम्हीही अर्धा तास प्रोव्हायडरला फोन लावत बसलो. च्यायला, लाइन ठणठणीत होती! संपले होते आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्क प्रत्येक फोन-लॅपटॉपला देतं ते नंबर. साध्या राउटरच्या नेटवर्कमध्ये २५४ च बसतात, आमचे लोक दीडशे पण प्रत्येकाकडे फोन आणि लॅपटॉप, म्हणजे ३००, त्यात लीज (एक ॲड्रेस एकाच्या नावावर राहतो ती मुदत) २४ तासांची, त्यामुळे सकाळी डोकावून गेलेला माणूसही आपला ॲड्रेस अडवून बसलेला. उपाय पाच मिनिटांचा आहे, राउटरच्या सेटिंगमध्ये सबनेट, म्हणजे ॲड्रेसचा साठा, /२४ चं /२३ करा (५१० मिळतात) आणि लीज एक तासावर आणा. ॲक्सेस पॉइंट (वायफाय सोडणारे डबे) दोन-चार वेगवेगळ्या कोपऱ्यांत लावा आणि लोकांना वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ बँडवर ढकला, २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच असतात, १, ६ आणि ११. स्पीकरच्या लॅपटॉपला मात्र वेगळी लॅन केबल, वायफायवर लाइव्ह डेमो म्हणजे देवाचं नाव घ्यायचं काम.

जेवणाची लाइन हाही गणिताचाच मामला आहे. एका माणसाला ताट वाढून घ्यायला अर्धा मिनिट धरलं तर १२० जणांना एका लाइनीत पूर्ण तास लागतो, लंच ब्रेक संपला. केटररला सांगून टेबल भिंतीपासून ओढा, दोन्ही बाजूंनी लाइन, अशी दोन टेबलं, पंधरा मिनिटांत काम होतं. जैन जेवण वेगळं मांडा आणि पाटी लावा, नाहीतर ते इतर लोकच आधी संपवतात. दुपारच्या चहाला बिस्किटांऐवजी गरम वडापाव ठेवा, चारनंतर हॉल रिकामा होत नाही, हा माझा अनुभव.

तिकीट फुकट ठेवू नका. फुकट ठेवलं तेव्हा नोंदणी दोनशेची आणि आले नव्वद, उरलेलं जेवण कुठे द्यायचं ही संध्याकाळची धावपळ वेगळी. पाचशे रुपये लावले तर पुढच्या वेळी दहा-बाराच गळाले. विद्यार्थ्यांना सवलत द्या, पण शून्य नको.

आणि टाइप-सी टू एचडीएमआयचे तीन अडॅप्टर बरोबर न्या, मोठ्या अक्षरांत नाव चिकटवून. आमचा एक अजून कुठल्यातरी स्पीकरच्या बॅगेत आहे.