केबलवरचा फोन: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

अमेरिकेत केबल कंपन्यांच्या फोनसेवेवर मी बरीच वर्षं काम केलं. नेटवर्किंग शिकून इकडे येणारी मराठी मुलं विचारतात, आधी काय शिकू? बहुतेकांचं एसआयपी (इंटरनेटवरून कॉल जोडायची पद्धत) आणि कोडेक (आवाजाचं डिजिटल रूपांतर) पाठ असतं. ते लागतंच, पण लवकर जमतं. मी त्यांना आधी रिटर्न पाथ, म्हणजे घरातून कंपनीकडे परत जाणारा सिग्नलचा मार्ग, समजून घ्यायला सांगतो.

टीव्हीची केबल घरापर्यंत चित्र पोचवण्यासाठी टाकलेली. फोनचा आवाज घरातून परतही न्यावा लागतो. त्यासाठी अमेरिकेत वर्षानुवर्षं ५ ते ४२ मेगाहर्ट्झ एवढीच चिंचोळी पट्टी होती, आणि एका नोडवरच्या (वस्तीच्या केबल जिथे एकत्र येतात त्या जोडणीवरच्या) शेकडो घरांचा गोंगाट, म्हणजे केबलमध्ये शिरणारे नको असलेले सिग्नल, तिथे एकत्र येतो. एखाद्या घरातला कनेक्टर सैल असला तरी त्याचा त्रास अख्ख्या वस्तीला. टीव्ही छान दिसत राहतो, फोनवर मात्र शब्द तुटतात. म्हणून सुरुवातीला लाइन टेक्निशियनबरोबर व्हॅनमधून फिरा. गोंगाट कुठून शिरतोय हे केबलची एकेक फांदी तपासत शोधणारी माणसं बघितली, की लॅबमधले आलेख बोलू लागतात.

दुसरं, या धंद्याचा इतिहास वाचा. १९८४ मध्ये एटी अँड टी या अमेरिकेतल्या बलाढ्य फोन कंपनीचं विभाजन झालं आणि घरापर्यंतच्या तारा सात प्रादेशिक कंपन्यांकडे गेल्या. लांब पल्ल्याचा कॉल ग्राहकापर्यंत पोचवायचा तर एटी अँड टीला त्यांना पैसे मोजावे लागत. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने स्थानिक सेवेत स्पर्धेची दारं उघडली, तेव्हा घरात शिरायला स्वतःची तार हवी म्हणून एटी अँड टीने टीसीआय ही केबल कंपनी घेतली. १९९८ मध्ये जाहीर झालेला हा सौदा सुमारे ४८ अब्ज डॉलरचा होता. पण ते जाळं दुतर्फा करायला अफाट खर्च होता, आणि २००२ मध्ये हा केबल व्यवसाय कॉमकास्ट या दुसऱ्या केबल कंपनीकडे गेला. कॉक्स या केबल कंपनीने मात्र १९९७ पासून जुन्या सर्किट स्विचिंगवरच (प्रत्येक कॉलला वेगळी वाट राखून ठेवण्याच्या पद्धतीवर) फोन देऊन, शहरामागून शहर घेत जम बसवला. पुढे डॉक्सिस १.१ मध्ये (डॉक्सिस म्हणजे केबलवरून डेटा पाठवायचं मानक) आवाजाच्या पॅकेटांना राखीव जागा मिळाली आणि इंटरनेट प्रोटोकॉलवरचा फोन खऱ्या अर्थाने शक्य झाला. माझ्या मते कॉक्सची चाल जास्त अभ्यासण्यासारखी आहे.

नंबर पोर्टिंगही शिका. जुना नंबर सोबत नेता येत नसेल तर ग्राहक कंपनी बदलत नाही. दोन कंपन्यांच्या नोंदींत पत्ता थोडा वेगळा असला तरी विनंती परत येते.

सगळ्यात गंभीर गोष्ट ९११, अमेरिकेतला आणीबाणीचा नंबर. २००५ मध्ये एफसीसी या अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने इंटरनेटवरच्या फोनसेवांनाही ही आणीबाणीची सोय बंधनकारक केली. पत्ता चुकीचा नोंदला तर रुग्णवाहिका भलत्याच दारात जाईल. विजेचंही बघावं लागतं: तांब्याच्या जुन्या फोनला एक्स्चेंजमधूनच वीज मिळायची. घरातली वीज गेली तर केबलच्या फोनला घरातली बॅटरी लागते. हे काम कनिष्ठांचं समजून टाळू नका, मागून घ्या.

भारतात फायबरवरून येणाऱ्या लँडलाइनचंही असंच आहे: वीज गेली की राउटर बंद, राउटर बंद की फोन बंद. तिथल्या नोकरीच्या मुलाखतीला जाल तेव्हा विचारा, बॅकअप किती वेळ टिकतो आणि तो कोण तपासतं.