माफीची घाई: पुनर्स्थापक न्यायाच्या बैठका घ्यायला शिकताना

पुनर्स्थापक न्याय, म्हणजे गुन्हा केलेला आणि पीडित यांना एकत्र बसवून झालेलं नुकसान भरून काढायचा मार्ग, शिक्षेपेक्षा वेगळा कसा, हे तुम्ही वाचून आला आहात असं धरून चालू. १९७४ साली कॅनडातल्या एल्मिरात दोन तरुणांनी २२ ठिकाणी केलेली तोडफोड, आणि नंतर त्यांना नुकसान झालेल्यांच्या थेट दारात नेणारा परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर), हेही तुम्हाला माहीत असणार. ती हकिगत ऐकून वाटतं, दोघांना समोरासमोर आणलं की झालं. तसं नाही. खरं काम त्याआधीचं आहे, आणि ते कंटाळवाणं आहे. ज्याला तयारीचा कंटाळा येतो त्याने कृपया या कामात येऊ नये. इथे आपल्या चुकीची किंमत जो माणूस मोजतो, तो आधीच एकदा दुखावलेला असतो.

दोन्ही बाजूंना वेगवेगळं आणि प्रत्यक्ष भेटा. एका भेटीत क्वचितच भागतं. गुन्हा गंभीर असेल तर तयारीत महिने जातात. आधी गुन्हा केलेल्याकडे जा. त्याला मूळ घटनाच मान्य नसेल, तर पीडिताकडे प्रस्ताव घेऊन जाऊच नका. त्या माणसाने मनाची तयारी करायची आणि समोरच्याने ‘मी नव्हतोच’ म्हणायचं, हा दुसरा घाव असतो. संमतीबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेने २००२ साली मान्य केलेली मूलतत्त्वं स्पष्ट आहेत: संमती मोकळेपणाने दिलेली हवी, ती केव्हाही मागे घेता येते, आणि बैठकीत भाग घेतला हा पुढच्या खटल्यात गुन्ह्याच्या कबुलीचा पुरावा धरायचा नाही. यावर नुसती सही घेऊ नका. समोरच्याला ते स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा, म्हणजे कळलंय की नाही ते समजतं.

आता माफी. नव्या समन्वयकाचा, म्हणजे बैठक चालवणाऱ्याचा, पाय घसरतो तो इथेच, आणि चांगल्या हेतूने घसरतो. तयारीच्या भेटीत गुन्हा केलेला मुलगा विचारतो, ‘मी तिथे काय बोलू?’ आणि आपण सहज म्हणून जातो, ‘सॉरी म्हण.’ एवढ्याने बैठक मोडू शकते.

ऑस्ट्रेलियातल्या वागा वागा इथे १९९१ साली पोलिसांनी सुरू केलेल्या परिषदांमधून, म्हणजे अशाच बैठकांमधून, जी प्रश्नावली रूढ झाली, तिचा क्रम पाहा. आधी गुन्हा केलेला बोलतो: काय घडलं, तेव्हा मनात काय होतं, कोणाकोणाला त्रास झाला असं वाटतं. मग पीडित, मग पीडिताची माणसं, मग गुन्हा केलेल्याची माणसं. त्यानंतर पुन्हा गुन्हा केलेल्याकडे वळून फक्त एवढंच विचारायचं, ‘आता तुला काही बोलायचंय का?’ माफी आली तर इथे येते. ही जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली आहे.

ती आधीच भरली तर काय होतं? समजा, चोरी झाली आहे. त्याच्या लेखी त्याने लॅपटॉप नेला. तिच्या लेखी त्यात वारलेल्या वडिलांचे फोटो होते, आणि तेव्हापासून ती रात्री तीनदा उठून दाराची कडी तपासते. यातलं काहीही ऐकण्याआधी त्याने मागितलेली माफी फक्त लॅपटॉपची असते. शिवाय माफीचा शब्द उच्चारला गेला की सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळतात: आता तुम्ही ‘असू दे’ म्हणा. तिने तसं म्हटलं नाही तर तीच कठोर ठरते. म्हटलं, तर तिचं बोलणं सुरू होण्याआधीच संपतं. आणि पढवलेली माफी ओळखू येतेच.

म्हणून मुलाला सांगा: ‘काय म्हणायचं ते मी सांगणार नाही. त्यांचं पूर्ण ऐक आणि मग जे वाटेल ते बोल. काही सुचलं नाही तर तसं सांग.’ पीडितालाही आधीच विचारा: ‘त्याने माफी मागितली नाही, तर या बैठकीतून तुम्हाला काय हवं?’ उत्तर ‘मग काहीच नको’ असं आलं तर अजून बसवू नका. पत्र किंवा मध्यस्थामार्फत निरोप हेही मार्ग आहेत. सोबत येणाऱ्या आईवडिलांची तयारी कधीही वगळू नका. बैठकीत ‘अरे, माफी माग ना!’ असं मुलावर खेकसणारी बहुतेक वेळा आईच असते, आणि तिला थांबायला कोणी सांगितलेलंच नसतं.

तरीही तो पहिल्याच मिनिटाला सॉरी म्हणाला तर घाबरू नका, रागावूही नका. ‘ऐकलं. आधी यांचं ऐकू, मग तुझ्याकडे परत येतो,’ एवढं पुरतं. आणि पीडिताचं बोलणं थांबल्यावर मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. ती शांतता भरून काढायची नसते.

गुरू निवडताना एक कसोटी लावा: ते रद्द केलेल्या बैठकांबद्दल बोलतात का? जे फक्त रडून गळ्यात पडलेल्या लोकांचे किस्से सांगतात, त्यांच्यापासून दूर राहा. दोन दिवसांच्या प्रशिक्षणावर एकट्याने बैठक घेऊ नका. आधी सहसमन्वयक म्हणून बसा. घरगुती हिंसाचार किंवा ज्यात एकाचा दुसऱ्यावर धाक अजून चालू आहे असं प्रकरण नवख्याने घ्यायचं नाही. इथे अपवाद नाही.

माफीविना संपलेली बैठक फुकट गेली असं मात्र समजू नका. मनातले प्रश्न थेट विचारता येणं आणि ‘मलाच का निवडलं?’ याचं उत्तर मिळणं, हेच अनेकांना हवं असतं. इंग्लंडमध्ये या पद्धतीच्या झालेल्या चाचण्यांत परिषदेत बसलेल्या पीडितांपैकी सुमारे ८५ टक्के समाधानी होते.

बैठकीच्या शेवटी, नुकसान कसं भरून काढायचं याचा करार लिहितात. त्यात कोण, काय, कोणत्या तारखेपर्यंत आणि ते तपासणार कोण, हे हवंच. ‘वागणूक सुधारेन’ हे कलम होत नाही. पाळता येणार नाही एवढं कबूल करू देऊ नका. त्या खोलीतल्या दडपणाखाली मुलं काहीही मान्य करतात. करार लिहून होईपर्यंत चहापाणी ठेवा आणि जरा बाजूला व्हा, पण नजरेच्या टप्प्यात राहा. प्रश्नावलीबाहेरचं बरंच काही त्या पंधरा मिनिटांत बोललं जातं. शेवटच्या कलमाची तारीख उलटली की पीडिताला स्वतः फोन करा, करार पाळला गेला असो वा नसो.